चिमूटभर पांढरी पूड

माय, आज बारा ऑक्टोबर, बुधवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी स्वयंपाकघरात, तू आणलेल्या पितळी नळासमोर पाटावर बसलो आहे. नळ सोडून ठेवला आहे. घड्याळात पाहून तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग नळ बंद करून त्याचं तोंड पुसायचं, तारेला गुंडाळलेला कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा आणि पितळ तापेपर्यंत नळाच्या तोंडाभोवती फिरवायचा. मग पुन्हा थोडं पाणी सोडून बाटली भरायची. लॅबचे साहेब याला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. तू नळाची आरती म्हणायचीस. मी कापूस पेटवला तेव्हा मागून तुझी सून म्हणाली, "अवो, देवापुढं अजून उदबत्ती नाई, अन् नळाची आरती झाली पण?" ती नेरडीगोंड्याकडची, शेतकऱ्याची लेक. विहिरीचं पाणी ओंजळीनं पिऊन वाढलेली. तिला माझं हे सगळं खूळ वाटतं.

पण कारण आहे. तुझी नात सात महिन्यांची झाली. रविवारी तिचं उष्टावण आहे, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा पाणी पिणार. शनिवारपर्यंत या बाटलीचा रिपोर्ट येईल, तो पाहूनच पाजायचं असं मी ठरवलं आहे. सून म्हणते, "तुमचे रिपोर्ट येत राह्यले तर लेकरू तहानेनंच शाळेत जाईन." बाटली भरली, झाकण लावलं, वर खाकी कागद बांधला. बर्फाच्या डब्यात ठेवली. आता ऑफिसला जायला वेळ आहे, म्हणून लिहितो आहे.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता तुझ्याच लॅबमध्ये आहे, कंत्राटावरच. तू बाटल्या धुवायचीस, मी गावोगावी जाऊन भरून आणतो. आपल्या जिल्ह्यात कुठेही नळाच्या पाण्याबद्दल शंका आली की बाटली आदिलाबादला त्याच खोलीत यायची. बेज्जूरहून यायची तेव्हा डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं असायचं, आणि तू आणणाऱ्यावर चिडायचीस. आता ते तसं राहणार नाही. काल दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. भैंसा निर्मलकडे गेलं, बेज्जूर आसिफाबादकडे गेलं, नेरडीगोंडा आपल्याकडे राहिलं. माणसांच्या आधी कागद वाटायचे होते. महिनाभर मी जुन्या फाइली गावांप्रमाणे वेगळ्या करून गठ्ठे बांधत होतो. ते काम माझ्याकडे आलं कारण माझं अक्षर चांगलं आहे. सातवीपर्यंत मराठी, मग तेलुगू, नववीत शाळा सुटली. पण जेवढी अक्षरं शिकलो तेवढी मी चुकू देत नाही. नावं लिहिताना दोनदा वाचून पाहतो. सोबतचे लोक हसतात.

भैंशाच्या गठ्ठ्यात मला तुझा मेमो सापडला. तेलुगूत तीन ओळी आहेत. सहा बाटल्या पूड न घालता दिल्या, कामात निष्काळजीपणा केला, ताकीद देण्यात येत आहे. खाली तुझी मराठीतली दस्तखत, वरची रेघ नावाच्या पुढे कितीतरी लांब गेलेली. मी बाकीचे सगळे गठ्ठे पुन्हा सोडून पाहिले. सोळा वर्षं तू त्या खोलीत बाटल्या उकळल्यास, पण तुझी हजेरी कंत्राटदाराच्या वहीत होती आणि ती वही कधीच गेली. ऑफिसात तुझं नाव असलेला कागद हा एकच. आणि त्यावर तोच शब्द, जो तुला कोणीही, कधीही लावला नसता. तो कागद आता निर्मलला जाणार होता.

त्या मेमोच्या वेळी मी अठरा वर्षांचा आहे आणि घरी बसलेला आहे. नमुने आणणारा माणूस बहिणीच्या लग्नाला गेला म्हणून साहेब तुला म्हणतात, तुझ्या मुलाला पाठव, रोजी देऊ. तू आदल्या दिवशी सहा बाटल्या उकळून, वाळवून, पूड घालून, कागद बांधून डब्यात लावतेस. नळ तापवायचा कसा, बाटली धरायची कशी, सगळं सांगतेस. पुडीचं तेवढं सांगत नाहीस. बाटलीच्या बुडाशी काही दिसेल आणि कोणी ते पाहील, हे तुझ्या मनातही नसेल. मी पहिल्या बसने निघतो. भैंशात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत सहा घरं आहेत. पहिल्या घरी नळाभोवती बायका जमतात. मी कागद सोडतो, झाकण काढतो. एक बाई वाकून आत पाहते.

"अगं बाई, सरकारी बाटली, अन् धुतलेली पण नाई! बुडाशी साबण तसाच हाय पाह्य."

"पाणी तपासाले आले अन् आपलीच बाटली घाण," दुसरी म्हणते, आणि सगळ्या हसतात.

मी पाहतो. बुडाशी खरंच चिमूटभर पांढरं आहे. माझे कान तापतात. सहाही बाटल्या काढतो, त्याच नळाखाली तीन-तीनदा खळबळून धुतो, एकेक उजेडाकडे धरून दाखवतो. "आता पाहा." मग सगळ्या घरचं पाणी भरतो. चौथ्या घरी नळाजवळच झोळी बांधलेली आहे आणि झोळीत लेकरू झोपलेलं आहे, हेही मला आठवतं, कारण पाणी त्याच्यावर उडू नये म्हणून मी नळ हळू सोडला होता.

सहाच्या सहा बाटल्यांचा रिपोर्ट चांगला आला. मला वाटलं, माझ्यामुळे काम नीट झालं. त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. मग तव्याकडे पाहतच विचारलंस, "धुतल्या होत्या काय रे तू बाटल्या?"

"हो. तीन-तीनदा." मी शाबासकीची वाट पाहत होतो.

तुझा हात थांबला. तव्यावरची भाकरी एका बाजूने जळली, तरी तू ती उलटली नाहीस. तुझ्या हातून भाकरी जळलेली मी तेवढी एकदाच पाहिली. मग तू म्हणालीस, "उरलेलं पाणी सांडाले घेतलं तर औषधाचा वास आला मले. पुडीच्या बाटलीले वास येत नाई. तवाच समजलं." तू तवा उतरवून माझ्यासमोर बसलीस. "पाह्य. नळाच्या पाण्यात औषध असते. बाटलीत भरलं तरी त्याचं काम चालूच राह्यते. भैंशापासून इथंवर बसमध्ये ते जंतू मारतच येते. मंग साहेबाले दिसते ते बसमधलं पाणी. त्या घरातल्या बाईनं लेकराले पाजलं ते नाई. ती पूड औषधाले थांबवते. घरी जसं होतं तसंच इथं आणून दाखवते. अन् तू काय केलं? पाण्याले वाटेत आंघोळ घातली, नवे कपडे घातले, अन् साहेबापुढं उभं केलं."

माझ्या तोंडून निघालं, "चौथ्या घरी लेकरू आहे."

"मंग उद्या पहिल्या बसनं जाऊ," तू म्हणालीस. जळलेली भाकरी तूच खाल्लीस.

पण जाण्याआधी साहेबांना सांगणं भाग होतं. सकाळी आपण त्यांच्या घरीच गेलो. मी तुझ्या मागे, दाराबाहेर उभा. साहेब तेलुगू माणूस, आपल्याशी हिंदीतच बोलायचे. तू म्हणालीस, "साब, भैंसे के बाटल्यां में पावडर डालना भूल गई मैं. फिरसे लाती."

"तू?" साहेब म्हणाले. "तू भूल गई?"

"हौ साब. मैंच."

मी तोंड उघडलं तेव्हा तू मागे न पाहता हाताने मला थांबवलंस. बसस्टँडवर जाताना मी रडकुंडीला आलो होतो आणि तू मात्र हसत होतीस. "तुह्या नावावर गेलं तर उद्या लॅबच्या दारात उभं करणार नाई तुले. माह्या नावावर एक कागद पडला तर पडला. मले कुठी कलेक्टर व्हाचं हाय?"

त्या दिवशी सहाही घरी तू स्वतः बाटली धरलीस. चौथ्या घरचा नळ प्लास्टिकचा होता. त्याला जाळ लावता येईना, म्हणून तू तो स्पिरिटने पुसत राहिलीस आणि पुटपुटत राहिलीस. झोळीतलं लेकरू जागं होतं आणि तुझ्या हातातल्या कापसाकडे टक लावून पाहत होतं. "रिपोर्ट येईतो याले उकळूनच पाजजो बाई, कितीबी सरपण जळू दे," असं तू त्याच्या आईला तीनदा बजावलंस. पाच बाटल्या चांगल्या निघाल्या. चौथी खराब. खोदलं तर त्या घराचा पाइप नालीतून गेलेला होता आणि जोड फुटलेला होता. दोन दिवसांत पाइप बदलला. लेकराला काही झालं नाही. त्या दिवशी परतताना भैंशाच्या बाजारात तू दिवाळीच्या लुगड्यासाठी ठेवलेल्या पैशांतून हा पितळी नळ घेतलास. मी म्हटलं, घरी तर नळ आहे. तू म्हणालीस, "त्याची आरती होत नाई."

गेल्या गुरुवारी मी तो मेमो घेऊन साहेबांपुढे गेलो. तेच साहेब आहेत. मधे दोनदा बदलून गेले, परत आले, केस सगळे पांढरे झाले. आता निर्मलची नवी लॅब तेच लावणार आहेत, भैंशाचा गठ्ठा त्यांच्याच गाडीतून जाणार होता. मी मेमो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, साहेब, त्या बाटल्या मी धुतल्या होत्या. माय पूड कधीच विसरली नाही. हा शब्द काढून टाका.

साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला. बराच वेळ वाचला, तीन ओळींना लागतो त्याहून बराच. "भैंसे की वो गली, और छे में छे क्लीन," ते म्हणाले. "मुझे तबी शक हुआ था. मगर इतने साल बाद अब कायकू?"

"निर्मलले तिले ओळखणारं कोणी नाई," मी म्हटलं. घाबरलो की माझी हिंदी जाते आणि घरची बोली तोंडात येते. साहेबांना समजलं.

"दफ्तर का लिखा काटते नहीं बेटा. उसके पीछे जोड़ते. लिखके दे. मगर सोच ले. कंत्राट वालों की लिस्ट अबी बनी नहीं. तेरे हाथ की चिट्ठी रहेगी फाइल में, कि तूने नमूने बिगाड़े. कोई बी पढ़ेगा."

मी दोन रात्री झोपलो नाही. सुनेला सांगितलं. लेकरू मांडीवर थोपटत ती म्हणाली, "सासूबाईले मी पाह्यलं नाई. पण रोज त्याहीच्या नळाचं पाणी भरते. लिहून द्या. कंत्राट गेलं तर माह्या बापाच्या कापसात वेचणीले माणूस कमीच हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "फक्त तुमी एकेक बोंड धुऊन वेचसान, एवढीच भीती."

शनिवारी मी तेलुगूत सहा ओळी लिहिल्या. कच्च्या कागदावर चारदा, मग पक्क्यावर. प्रत्येक शब्द तपासला. साहेबांनी वाचलं, एकही अक्षर बदललं नाही, आणि माझ्यासमोर तो कागद तुझ्या मेमोच्या मागे टॅगने बांधला. मग आपल्या पेनाने समासात लिहिलं, सोबतचा कागद वाचावा. सोमवारी लिस्ट लागली. माझं नाव आदिलाबादमध्येच आहे. तुझं नाव निर्मल जिल्ह्यात गेलं, माझं त्याच्या मागे बांधलेलं. काल सणाच्या दिवशी पुरणपोळी खाताना मला फार दिवसांनी भूक लागल्यासारखी भूक लागली. सुनेच्याही लक्षात आलं. तिने न विचारता तिसरी वाढली.

आता पावणेसात झाले. बर्फाचा डबा दाराशी ठेवला आहे. बाटलीच्या बुडाशी पूड होती, मी नीट पाहूनच पाणी भरलं. तुझी नात उठली आहे आणि नळाच्या टपटप आवाजाकडे मान वळवते आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहितो. त्या सहा ओळींत साहेबांनी मला कारण लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, माहिती नसल्यामुळे. ते खोटं नाही, पण ते सगळं नाही. तू तर साध्या साध्या गोष्टीला काऊन म्हणून विचारायचीस. भाजी काऊन सांडली, वहीचं पान काऊन फाटलं. पण बाटल्या काऊन धुतल्या, हे तू त्या संध्याकाळी विचारलं नाहीस, नंतरही कधी नाही. विचारलं असतंस तर मला सांगावं लागलं असतं की त्या बायका हसल्या तेव्हा मला तुझ्या वतीने राग आला नाही. मला त्यांचं खरं वाटलं. मला वाटलं, माझ्या मायनं बाटली नीट धुतली नाही.