रस्त्याकडे तोंड असलेले दहा गुंठे

मी, सुमित्राबाई तानबा झाडे, वय एकाहत्तर, राहणार मौजा पिंपळझरी, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गेल्या ग्रामसभेत अंदाजपत्रकातली बेरजेची चूक मीच दाखवली. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आले होते ते चहा पिऊन परत गेले.

१. राहते घर आणि तीन एकर शेत मुलगा हेमराज याला. माझी गळ्यातली पोत आणि सगळी पुस्तके मुलगी प्रेरणा हिला. पुस्तकांत पेन्सिलच्या खुणा आहेत. मी हेमराजच्याच पाटीवर वाचायला शिकले, हे त्याने विसरू नये.

२. पितळी तागडी शेजारीण रुख्माबाईला. सहा वर्षांपासून ती तिच्याकडेच आहे. आता लपवून वापरायची गरज नाही.

३. हमरस्त्यालगतचे दहा गुंठे. रस्ता रुंद झाला तेव्हा माझ्या माहेरच्या शेताचा मोबदला आला, त्यातून ही जागा मी माझ्या नावे घेतली. ती मी ग्रामपंचायतीला आठवडी बाजारासाठी देते.

कारण लिहून ठेवते. यजमान पंच असताना सरकारी निधीतून बाजाराचे वीस ओटे झाले. विकणाऱ्याचे तोंड पूर्वेला असले तरच बोहणी होते, असा त्यांचा हट्ट. रस्ता पश्चिमेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला फक्त बायकांच्या पाठी दिसायच्या. दोन वर्षे त्या ओट्यांवर सोयाबीन वाळले. शेवटच्या आजारात ते म्हणाले, "सुमित्रा, आपून गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसलो वो." आणि हसले. ते हसू मी कोणाच्याही नावे करत नाही.

ते गेल्यावर मी बायकांना रस्त्यापलीकडे माझ्या जागेत बसवले. तिथे पूर्वही समोर आणि रस्ताही समोर. आता मंगळवारी चाळीस जणी बसतात. वांगी, तूर, लाखोळीची डाळ गावातच विकते. जाम गावच्या बाजाराला टोपले नेण्याचे भाडे वाचते.

४. माझ्यामागे पंचायतीने बाजार फी घ्यावी. वरून येणारा निधी कामाचे नाव कपाळावर लिहूनच येतो. स्वतःच्या उत्पन्नाचे नाव आपण ठेवतो. पहिले नाव ठेवावे बायकांचे संडास आणि पाणी. उरलेले ग्रामसभेने ठरवावे, आणि हिशेब मोठ्याने वाचावा. भिंतीवर चिकटवून भागणार नाही. जागा विकली किंवा एकाच माणसाला भाड्याने दिली, तर ती प्रेरणाची होईल. या पत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

५. ढाबेवाले हिरालाल म्हणाले होते, "मावशी, जागा मले द्या, तीन पिढ्या बसून खातीन." मी म्हटले, "बसून खानाऱ्या पिढ्या मले पाह्यच्याच नाई." त्यांच्यावर राग नाही. त्यांची भजी चांगली असतात.

६. राग हेमराजला आला. "पोरगा मी, अन् जागा पंचायतीले काऊन?" आठ दिवस डबा घेऊन शेतातच जेवला. मग म्हणाला, "बरं, फवारणी पंप दुरुस्तीसाठी पयल्या रांगेतली जागा तं मले देजो."

मी म्हटले, "चिठ्ठी टाक. सगळ्या बायका टाकतात."

मंगळवारी चिठ्ठ्या निघाल्या. त्याला शेवटच्या रांगेतली, हातपंपाजवळची चिखलाची जागा आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बदलले नाही.

आज सकाळी तो ट्रॉलीभर मुरूम घेऊन आला. आपल्या जागेवर टाकला, आणि मग फावडे घेऊन आख्ख्या रांगेत पसरत गेला.

७. बाजाराच्या जागेला हेमराजने हरकत घेतल्यास त्याचे शेत रद्द, असे कलम मी इथे लिहिले होते. ते खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

वाचून, समजून, आनंदाने सही:
सुमित्राबाई तानबा झाडे

साक्षीदार, दोघांसमक्ष सही झाली:
१) कवडू महादेव भोयर
२) दिपाली दुर्गेश मेश्राम

मुक्काम पिंपळझरी, दिनांक १३ फेब्रुवारी २०२५