‘सिंक’ आणि ‘बाथ’

६ नोव्हेंबर, सोमवार

बटण गेलं!

काल मी चर्चमध्ये मासला गेले होते तेवढ्या तासाभरात. एकेचाळीस वर्षं ते बटण टाकीच्या कपाटाशेजारी भिंतीवर होतं. वर चालू-बंद, खाली ‘सिंक’ आणि ‘बाथ’. भांड्यांपुरतं पाणी हवं तर ‘सिंक’, टाकीचा फक्त वरचा भाग तापतो. अंघोळ असेल तर ‘बाथ’, म्हणजे सगळी टाकी. लहान पोराला कळतं. आता तिथं एक पांढरी कोरी पट्टी. कॉर्मॅकनं बसवली. माझ्या पोटच्या पोरानं!

“आई, आता सगळं माझ्या फोनवर. तुला हातही लावायला नको.”

मला हात लावायचाय! पाणी तापवायचं इमर्शन माझ्या घरात आणि त्याचा लगाम डब्लिनला, कॉर्मॅकच्या खिशात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

७ नोव्हेंबर, मंगळवार

मिनीबस माझ्या नवऱ्याला, मॅलाकीला, डे सेंटरला घेऊन गेली. मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते चार, एवढीच मला उसंत. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याचा डावा हात आखडलाय आणि नावं विसरतो. बाकी माणूस तोच आहे, हे कुणाला पटवायचं?

हे सगळं सुरू झालं ते एका दिवसामुळं. गेल्या महिन्यातला गुरुवार. इमर्शन दिवसभर ‘बाथ’वर राहिलं. त्यात जुना थर्मोस्टॅट निकामी, म्हणजे पाणी तापतच राहिलं. माळ्यावरची गार पाण्याची टाकीसुद्धा धडधडायला लागली. मला वाटलं वारा! चार वाजता मॅलाकी घरी आला, हात धुवायला गेला आणि नळातून उकळतं पाणी. उजवा हात भाजला. चांगला होता तो!

कॉर्मॅकनं लगेच निकाल दिला. “सकाळी निघताना बाबांनीच लावलं असणार.” आणि मॅलाकी, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून म्हणतो, “असेन मीच.”

असेन मीच! हा माणूस कॉर्मॅकच्या पदवीदानाला निघालो तेव्हा अर्ध्या वाटेवरच्या मलिनगरहून गाडी मागं फिरवणारा. “फिलो, इमर्शन बंद केलंस ना?” बंद होतं. समारंभ अर्धा चुकला. तो हे चालू ठेवून जाईल? चोर सोडून संन्याशाला फाशी!

आता कॉर्मॅकनं वृद्धाश्रमाची चकचकीत पुस्तिका आणलीय. जानेवारीत एक खोली रिकामी होतेय म्हणे. बाबांसाठी. मी ती पुस्तिका जाळायच्या टर्फच्या टोपलीत टाकलीय. उद्या शेगडीत जाईल.

९ नोव्हेंबर, गुरुवार

गरम पाणी नाही. कॉर्मॅक मीटिंगमध्ये. तीन फोन केले. सेंटरला जायच्या आधी मॅलाकीनं किटलीतल्या पाण्यानं दाढी केली, एका हातानं, हनुवटीवर कापलं. तळपायाची आग मस्तकात गेली!

१० नोव्हेंबर, शुक्रवार

इग्गी टान्सीला बोलावलं. चाळीस वर्षं या भागातल्या घरांचं वायरिंग त्यानं केलंय. त्यानं पांढरी पट्टी उघडली, आत डोकावला आणि जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला फार बरं वाटलं.

“अहो मिसेस, ही जोडणी कुणी केली?”

“इंजिनिअरनं.”

“कसला?”

“पुलांचा.”

“मग त्यानं पूल बांधावेत! फोन बंद पडला, इंटरनेट गेलं, तर तुम्ही हे बंद कसं करणार? प्रार्थना म्हणून?”

त्याचं म्हणणं सरळ आहे. फोननं चालवा, नाहीतर शिट्टी मारून चालवा, पण भिंतीवरचं बटण सगळ्यात आधी. ते बंद म्हणजे बंद, डब्लिननं कितीही बोंब मारली तरी. आणि थर्मोस्टॅट नवा, जास्त तापलं तर आपोआप वीज तोडणारा. त्याच्यावर कुणाच्याच फोनचा हुकूम चालणार नाही.

कॉर्मॅकला मी इग्गीसमोरच फोन लावला. इग्गीनं फोन घेतला आणि अंगणात गेला. पाच मिनिटांनी परत आला. “पटलं त्याला.” काय बोलला ते विचारलं नाही. इग्गीला ब्राउन ब्रेडचे दोन तुकडे जास्तीचे दिले.

१३ नोव्हेंबर, सोमवार

बटण आलं! नवंकोरं, पण ‘सिंक’ आणि ‘बाथ’ तेच. कॉर्मॅकचा तो फोनवाला डबा त्याच्या मागं, नोकरासारखा. कुणी चालू केलं की डबा तासाभरानं स्वतःच तोडतो. कुणी कधी चालू केलं तेही लिहून ठेवतो, ते कॉर्मॅकच्या फोनवर दिसतं. दिसू दे! आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

मॅलाकीनं बटणावरून बोट फिरवलं. “छान आहे,” म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “काय बघतोस?” तर म्हणे, “काही नाही, चहा कर.”

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चादरी धुतल्या, कपाटात टाकीवर वाळत घातल्या. शांत दिवस.

१९ नोव्हेंबर, रविवार

भांडण. मोठं.

कॉर्मॅक जेवायला आला. हॅम अजून ताटातच होता आणि यानं फोन काढला. “आई, या आठवड्यात दोनदा ‘बाथ’ लागलं आणि कुणी बंद केलं नाही. डब्यानं तोडलं म्हणून वाचलात.”

“डबा आहे ना मग! त्यासाठीच बसवलास ना?”

“प्रश्न इमर्शनचा नाही. उद्या गॅसची शेगडी असेल. बाबा विसरतात हे एकदा कबूल कर. ती खोली मी धरून ठेवायला सांगितलीय.”

धरून ठेवायला! माझ्या नवऱ्याला सामान समजलाय! मी ओरडले. शेजारच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली एवढी ओरडले. म्हटलं, “पुरावा दे! तुझा डबा सगळं लिहितो ना? मग वार आणि वेळ कागदावर लिहून पाठव, पोस्टानं. मी प्रत्येक ओळीला सांगते मॅलाकी त्या वेळी कुठं होता. मग तू त्याची माफी मागायची, इथं, या टेबलावर!”

मॅलाकी बटाटा कुस्करत होता. म्हणाला, “मीच असेन, फिलो. सोड ना. कागदबिगद नको.”

मला त्याचाच सर्वांत जास्त राग आला. स्वतःसाठी एक शब्द बोलत नाही! भाजला तेव्हाही हेच, आताही हेच. रात्री त्याच्याशी बोलले नाही. त्यानं माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली तरी बोलले नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

मॅलाकी सेंटरला. कागद नाही आला. पुरावा असता तर आला असता!

२२ नोव्हेंबर, बुधवार

ब्रेड जळून कोळसा. ओव्हनही बिघडला वाटतं. या घरातली सगळी यंत्रं माझ्यावर उठलीत! इग्गीला सांगायला हवं.

मॅलाकीनं वरचं काळं खरवडून खाल्ला. “कडक छान लागतो.” खोटारडा.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

कागद आला. लाल पेन घेऊन बसले होते.

तीन ओळी. मंगळवार चौदा, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. गुरुवार सोळा, पावणेबारा. मंगळवार एकवीस, साडेदहा. तिन्ही वेळी ‘बाथ’. खाली कॉर्मॅकचं अक्षर: “आई, मी उद्या येतो. रागावू नकोस.”

तिन्ही दिवशी मॅलाकी सेंटरला होता. घरात मी होते.

कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चष्माही लावला नाही. भाजलेल्या हातानं घडी घातली आणि परत दिला.

“मीच असेन म्हणत होतो ना, फिलो. तुला कशाला हवा होता कागद?”