पायऱ्यांच्या हॉलवरून उतरलेले मामा

चि. भोपूस,

ताईचे आशीर्वाद. (साठी उलटल्यावर भोपू म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. तू धरलेला अबोला मलाही आवडलेला नाही. फिटंफाट.)

गेले पंधरा दिवस तू मामींना माझ्याशी फोनवर बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. फोन तूच उचलतोस आणि 'आई झोपली आहे' म्हणतोस. सकाळी अकरा वाजता झोपली आहे, संध्याकाळी सहालाही झोपली आहे. मामी एवढ्या झोपत असतील तर डॉक्टरला दाखव. झोपत नसतील तर थापा मारणं थांबव. बाकी तुझी साखर आटोक्यात असेल आणि तुझ्या बायकोची कंबर धरली नसेल, अशी आशा आहे. आमच्याकडे ह्यांचे गुडघे कुरकुरतात आणि हे स्वतःही कुरकुरतात. त्यापलीकडे सगळं ठीक.

नातेवाइकांच्या ग्रुपवर तू लिहिलंस की विद्यापीठातल्या हॉलवरचं मामांचं नाव मी उतरवलं आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. घरातली म्हणे! भोपू, ती गोष्ट मामा स्वतः दर समारंभात सांगायचे. बुरशीवर संशोधन चालू असताना त्यांनी एका बशीत नमुना वाढवून तो स्वयंपाकघरात ठेवला, आणि मामींनी बशी खराब झाली म्हणून घासून, पुसून, फळीवर पालथी घातली. 'बायकोने माझा शोध घासून टाकला' असं मामा म्हणायचे आणि अख्खा हॉल हसायचा. हॉलला त्यांचं नाव दिलं त्या दिवशीही हसला. मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हॉलमधल्या त्यांच्या अर्धपुतळ्याखाली काय कोरलं होतं आठवतं? 'संयमी संशोधक'.

पुढचा भाग मामा सांगत नसत. त्याच संध्याकाळी त्यांनी मामींना आणि तुला घराबाहेर काढलं. तुम्ही आमच्याकडे आलात, कारण माझी आई मामांची सख्खी बहीण. शेजाऱ्यांना सांगितलं, हवापालटासाठी आल्यात. तो हवापालट चार वर्षं चालला. (तेवढ्यात लोक टीबीतून बरे होऊन पुन्हा आजारी पडतात.) तू पहिली ते चौथी आमच्याच घरून शाळेत गेलास, पाढे माझ्याकडे शिकलास, सातच्या पाढ्याला माझा मारही खाल्लास. आणि ग्रुपवर लिहितोस, 'असं काही घडलंच नाही'. मग सातचा पाढा तुला कोणी शिकवला?

आता समितीचं. हॉलवरचं नाव काढा, असा विद्यार्थ्यांनी अर्ज केला होता, त्यावर विद्यापीठाने समिती नेमली. मामा मुलींना नमुन्यांना हात लावू देत नसत, हे काही नवं नाही. मी स्वतः त्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकले आणि त्यांतलं दीड वर्ष काचेची भांडी धुतली. पदवी बुरशीशास्त्राची मिळाली, हात मात्र मोलकरणीचे झाले. माजी विद्यार्थी म्हणून मला समितीवर घेतलं आणि मामांचा विषय निघाल्याबरोबर नातेवाईक म्हणून बाहेर काढलं. निर्णय झाला तेव्हा मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे, म्हणजे मी डुलत होते म्हण. मत दिलं नाही, तोंड उघडलं नाही. तेव्हा तुझा आरोप फुकट गेला.

नाव काढायचं ठरलं, मला परत आत घेतलं आणि खरी मजा सुरू झाली. पितळी अक्षरं भिंतीवरून उपटली तर खालचा रंग कोरा करकरीत निघाला आणि मामांचं नाव पूर्वीपेक्षा ठळक दिसायला लागलं. इतकी वर्षं कोणी वर मान करून वाचलं नव्हतं, आता येणारा-जाणारा वाचतो. रंगारी बोलावला. त्याने नावापुरता चौकोन रंगवला, पण जुना रंग मिळेना, म्हणून आता तिथे बँडेज लावल्यासारखं दिसतं. त्या चौकोनावर समितीची वेगळी बैठक झाली. (चहा बरा होता.)

मग नवं नाव शोधायला बसलो. एका शास्त्रज्ञाने भावाची जमीन लाटलेली निघाली, दुसऱ्याने सहकाऱ्याला खोट्या खटल्यात अडकवलेलं. तिसरा अगदी स्वच्छ होता, पण त्याने शोधही काही लावला नव्हता. कंटाळून वनस्पतीच्या सरांनी सुचवलं, आवारातल्या मोठ्या झाडाचं नाव देऊ, झाड काय कोणाचं वाईट करणार? मीच सांगितलं की त्या झाडाचं शास्त्रीय नाव ज्या गृहस्थावरून पडलं आहे, तो आजारी हमालांना जंगलात टाकून आला होता. सर खाली बसले ते बैठक संपेपर्यंत उठले नाहीत. अध्यक्ष बाई वैतागल्या. "अहो, मुलं काय म्हणतात त्या हॉलला?" त्यांनी विचारलं. मुलं म्हणतात पायऱ्यांचा हॉल, कारण आत बाकं पायऱ्यांवर आहेत. तेच ठरलं.

पुतळा कोणी घेईना. अडगळीच्या खोलीत सांगाड्याशेजारी ठेवू म्हणाले, ते मला पटलं नाही. कसेही असले तरी माझ्या आईचे भाऊ. जुन्या पडद्यात गुंडाळून टॅक्सीने घरी आणले. ड्रायव्हर सारखा आरशात बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, आजोबांना बरं नाही का?" म्हटलं, आता बरं आहे. कपाटावर ठेवले तर आमचे हे म्हणाले, "हे माझ्याकडे बघतात. मी भजी खाताना तर जास्तच." म्हणून तुझ्याकडे पाठवत आहे. मुलगा म्हणून तो तुझा मान आहे. काम त्यांचं खरंच मोठं होतं, ते कोणी नाकारत नाही. ग्रंथालयात त्यांची पुस्तकं जागच्या जागी आहेत.

तब्येतीला जप. डोकं थंड ठेव.

तुझी,
ताई

ता. क. मी बाकावर होते तेव्हा आत समितीपुढे कोण बोललं, हे तू अजून विचारलं नाहीस. मामी बोलल्या. विद्यापीठात डोळे तपासायचं शिबिर आहे म्हणून तुला गाडी काढायला लावली ना त्यांनी? शिबिर नव्हतं. तू फाटकाबाहेर पेपर वाचत बसला होतास. मी तुला सांगणार नव्हते, पण त्यांनीच बजावून ठेवलं होतं, "तो तुझ्यावर उखडला तर खुशाल माझं नाव घे."

ता. क. दुसरा. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी नाव काढा म्हटलं नाही, ठेवा म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बशी माझी होती. माहेरच्या सहांतली. न विचारता त्यांनी घेतली. घासू नको तर काय करू?" कोणी हसलं नाही. भारावून जाऊन अध्यक्ष बाईंनी हॉलला मामींचंच नाव द्यायचं सुचवलं. मामी म्हणाल्या, "नको गं. पुन्हा त्यांच्याच जागेत राहायला लावू नका."

ता. क. तिसरा, आणि मुद्द्याचा. आईवर रागावायचं तर समोर बसून रागाव, पण त्यांच्या वतीने झोपू नकोस. पत्र घेऊन आमचे हे आले आहेत. मामी माझ्याशी बोलेपर्यंत ते तुझ्या दारातून हलणार नाहीत. खुर्ची दे.

ह्यांच्यासोबत दिलेल्या वस्तूंची नोंद:
पितळी अक्षरं, सगळी (एक वेलांटी वाकलेली, ती रंगाऱ्याने वाकवली).
मामांचा अर्धपुतळा, पडद्यासकट. पडदा परत नको.
मोठ्या आकड्यांचा मोबाईल, चार्ज केलेला, माझा नंबर घालून. हा तुझ्या हातात द्यायचा नाही, मामींच्या हातात द्यायचा आहे.