तीन पाण्यांतलं मटण

आत्याबाई, तुमची लेक आज सकाळच्या एसटीनं गंगापूरहून आली आणि पिशवीतून वाळलेल्या मटणाचा डबा काढून तिनं ओट्यावर ठेवला. म्हणाली, "वैनी, आईला शेवटी करून घातलं होतं ना, तसंच करा. मला खायचंय." मी हो म्हणाले आणि पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत वन्सं कितीदा आल्या, पण असला डबा पुन्हा कधी आणला नव्हता. मला वाटलं होतं, ते प्रकरण मिटलं.

मी माळकऱ्यांच्या घरातून आलेली. लग्नाआधी मटणाचा वास आला तर तो शेजाऱ्यांकडूनच. पहिल्याच उन्हाळ्यात तुमच्याकडं नवस फेडायला कंदुरीचा बोकड झाला. उरलेल्या मटणाच्या पट्ट्यांना तुम्ही मीठ-हळद चोळलीत, त्या गच्चीवर दोरीला वाळत घातल्यात आणि आठ दिवसांनी माझ्यापुढं ठेवून म्हणालात, "कर आता." मला तो खारट वास सोसेना. मी पट्ट्या तीन पाण्यांत भिजवल्या, घट्ट पिळल्या आणि बटाट्यात परतल्या. तुम्ही एक घास घेतलात आणि पाहुण्यांसमोर विचारलंत, "सूनबाई, मटण केलं का कपडे धुतले? चव सगळी मोरीत गेली. आता मोरीलाच जेवू घाल." सगळे हसले. हेही हसले, ते मी अजून विसरले नाही. मग तुम्ही पदर खोचून स्वतः करून दाखवलंत. पट्टी थेट जाळावर भाजायची, पाट्यावर ठेचायची, धागे सुटले की कांद्यावर टाकायची. बटाटा बारीक चिरून वर पसरायचा आणि तळाला खरपूस लागेपर्यंत हात लावायचा नाही. "पाणी लावायचं नाय. मीठ बटाटा ओढून घेतो." शेजारच्या भाभी त्यावर अंडं फोडायच्या, पैठणच्या जाऊबाई टोमॅटो घालायच्या. त्यांना तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत. बोलणी खायची ती माझ्या तीन पाण्यांनी. तुम्ही हट्टाला पेटलेल्या, मग मीही पेटले. वीस वर्षं मी तीनच पाणी लावलं आणि वीस वर्षं तुम्ही ताटात बोट फिरवून "मोरी जेवली का?" असं विचारत राहिलात.

मग तुमच्या पायांना सूज चढली आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. त्याच आठवड्यात वन्सं तुमच्यासाठी डबा देऊन गेल्या. ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही पलंगावरून हाक मारता, मी दारात उभी आहे. "माय, ते गंगापूरचं मटण कर की थोडं. माझ्यावाणी कर. एकच घास खाते." माय असं तुम्ही मला त्याआधी कधी म्हणाला नव्हतात. डबा तांदळाच्या पिंपामागं आहे, मला दारातून दिसतोय. मी म्हणते, "संपलं, आत्याबाई." तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघता आणि भिंतीकडं कूस वळवता. डॉक्टरांचा शब्द माझ्या बाजूनं होता, म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं. पण संपलं म्हणताना मला बरं वाटलं होतं, हेही खरंच. बारा दिवसांनी तुम्ही गेलात. वन्सं माझ्या गळ्यात पडून रडत विचारायला लागल्या, "खाल्लं का गं आईनं?" मी म्हणाले, "हो, दोनदा मागून घेतलं."

आज हे शेंद्र्याला कंपनीत गेलेले, घरात आम्ही दोघीच. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. पहिलं पाणी ओतलं, दुसरं ओतलं. "आईला असंच केलं होतं?" "मीठ बंद होतं ना त्यांचं," मी म्हणाले. आणि तिसरंही पाणी ओतलं. जेवायला बसलो. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि हात ताटातच थांबला.

"हे आईनं दोनदा मागून घेतलं?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"वैनी, आईनं हे ताटाबाहेर काढून ठेवलं असतं."

"नाही दिलं," मी म्हणाले. "संपलं म्हणून सांगितलं."

"कामून?"

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टरचं सांगू नका मला. कामून?"

"राग होता माझा त्यांच्यावर."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "मी नऊ वर्षं सगळ्यायला सांगत आले, आईनं शेवटी माझ्या हातचं वाळवलेलं खाल्लं म्हणून." मग हात धुऊन आल्या आणि दारातूनच विचारलं, "त्या मटणाचं काय केलं मग?" मी म्हणाले, टाकून दिलं. मुक्कामाला म्हणून आलेल्या वन्सं चारच्या एसटीनं परत गेल्या. डबा इथंच राहिला.

हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. ते मटण मी टाकलं नव्हतं. तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि एका दुपारी घरात कुणी नसताना मी पट्ट्या गॅसवर भाजल्या, पाट्यावर ठेचल्या. पाण्याचा थेंब लावला नाही. बटाटा खाली लागू दिला आणि तव्यापाशी उभ्यानंच सगळं खाल्लं, तवासुद्धा खरवडला. रडत होते, पण खायची थांबले नाही, इतकं ते चवदार झालं होतं. तुमचीच पद्धत बरोबर होती, आत्याबाई. तुम्ही असतात तर हे मी तुमच्या तोंडावर कधीच कबूल केलं नसतं.