दारातलं भाषण

मंगळवार, संध्याकाळ

कंपवात झाल्यापासून दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. रविवारी नागरवाड्यात माझं व्याख्यान, आणि आयोजक म्हणतात, बसूनच बोला. का म्हणून?

आज व्यायामवर्गात शिकवणाऱ्या हेतलबेन म्हणाल्या, "काका, मोठ्याने आकडे मोजत दारातून जा." आकडे कसले मोजतो! भाषणच सुरू केलं. पाय निघाले. पण सवयीने टाळ्यांसाठी थांबलो, आणि पायही तिथेच, दारात, थांबले.

"ताळी पछी, काका. बोलता रहो," हेतलबेन गुजरातीत म्हणाल्या. टाळ्या नंतर!

मग न थांबता बोललो. दार ओलांडलं, परत आलो. सहा वेळा! इतका अभिमान कुठल्या सभेनंतर वाटला होता?

आयोजकांना कळवलं, माइकपर्यंत चालत येईन. फक्त पहिलं वाक्य सभागृहाच्या बाहेरच सुरू होईल.