चिंचेनं घासलेल्या बारा चकत्या

अण्णा, आज शेजारी आमच्याकडे जेवायला होते. सगळ्यात आधी आली ती खालच्या मजल्यावरची सून, आपल्या नाशिकचीच, शेवभाजीचं पातेलं घेऊन. मागून तिचे सासरे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेत, तीन महिन्यांसाठी मुलाकडे कुवेतला आलेत. एवढा शिकलेला माणूस म्हणून मी आपली पदर सावरून बसले, तर ते खुबूस, म्हणजे इथली रोटी, मोडून रश्श्यात कालवायला लागले. तुम्ही भाकरी चुरायचात ना, तस्से. मला फार आवडले.

माझ्या नातीची रसायनशास्त्राची परीक्षा आहे. इथल्या अरबी शाळांत त्याला किमयाच म्हणतात, असं ती सांगत होती, त्यावरून सर सुरू झाले. सात-आठशे वर्षांमागे एक ख्रिस्ती साधू होता म्हणे. ग्रीकांची विद्या, अरबांची पुस्तकं, सगळं वाचलेला. देवावर पक्की श्रद्धा, पण झाडं, दगड, धातू स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणायचा. किमयागारांनी हलक्या धातूचं केलेलं सोनं त्यानं सहा-सात वेळा आगीत घातलं, शेवटी त्याची भुकटी झाली, आणि ते त्यानं तसंच लिहून ठेवलं. त्याचा एक शिष्य तर तत्त्वज्ञानात गुरूच्याही पुढे गेला. पुढचे किमयावाले आपली पुस्तकं या साधूच्या नावावर खपवायचे, एवढा त्याचा मान. मी हसत ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला.

तांबट आळीतली आपली भट्टी. फळीवर तांब्याच्या बारा चकत्या, प्रत्येकीला वेगळ्या पाल्याचा रस. दर आठवड्याला आगीत घालायच्या, बाहेर काढून रंग बघायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून कोणती किती वेळा तापली, याचे तुम्ही खिळ्यानं ठिपके पाडलेत. वर्षभर हेच. तांबटाला सोन्याचे डोहाळे लागलेत, म्हणून आळी हसायची. मला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी त्या बाराही चकत्या मी चिंच-राखेनं लख्ख घासल्या, वर्षभराचे रंग गेले. घरकाम म्हणून नव्हे, अण्णा. तुमची लाज वाटली म्हणून.

तुम्ही एक चकती हातात घेता, उलटी करून बघता. "छान निघाल्यात," एवढंच म्हणता. त्यानंतर फळीवर पुन्हा काही ठेवलं नाहीत. तुम्हाला सोनंच हवं होतं, की नुसतं काय होतं ते बघायचं होतं? तुम्ही जाईपर्यंत मी विचारलंसुद्धा नाही.

जेवणं होता होता सरांनी विचारलं, "आजी, तुमचं माहेर तांबटांचं ना? घरात कुणाला किमयेचा नाद होता का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नातसुद्धा, डोळे मोठे करून.

"छे हो," मी म्हटलं, "आमच्याकडे आपली नुसती भांडी."

या खेपेला हसणारं कुणी नव्हतं, अण्णा. तरी मी नाही म्हणाले.

हे पत्र टाकायचं कुठे? गादीखाली ठेवीन. त्या साधूच्या पुस्तकातली चित्रं दाखवायला सर परत येणार आहेत. त्यांना खरं सांगेन, असं तुम्हाला कबूल करत नाही. माझाच मला भरवसा नाही. शुक्रवारी दुपारी येतो म्हणालेत.