ओट्याखालची म्हातारी

लातूर
३ सप्टेंबर १९८७

ती. पंचशीलाअक्कास,
धाकट्या नरसिंगचा सा. जय भीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, तेव्हा आधी पोटभर शिव्या घालून घे. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, एमआयडीसी आली. पाऊस तेवढा यायचा राहिला. नळाला आठ दिवसांनी पाणी, त्यामुळं माझ्या अंघोळीचं विचारू नको.

आता खरी खबर. आमच्या मालकांनी, शिवमूर्ती अप्पांनी, रेडिओचा धंदा सोडून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम काढलाय. यंत्राचं नाव ‘गंमत’. मुंबईहून चोरून येणारी परदेशी यंत्रं नांदेडच्या दुकानापर्यंत पोचलीत, दिसायलाही लई देखणी. त्यांच्यापुढं आम्ही म्हणजे हत्तीपुढं शेळी. अप्पा म्हणाले की त्यांच्यापाशी नाही ते द्या, आपल्या गावचा खेळ द्या. आणि अक्का, तो खेळ मी काढला! आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एकेक माणूस केला.

खेळ असा की बाई आडावरून पाणी शेंदते आणि घागर घेऊन घरी पळते. वाटेत बैल आडवा येतो, कावळे येतात. आणि आडाच्या ओट्याखाली एक म्हातारी रिकामी घागर घेऊन हात पसरून बसलेली असते. तिला धक्का लागला की आपली घागर फुटते, डाव गेला! माझ्या शेजारी जोडणीला बसणारा मलप्पा तिला बघून हसून हसून लोळला.

दिवाळीच्या आत दुकानं गाठायचीत. पहिली पेटी एस.टी.नं पाठवतोय. आईला दाखव. पोस्टकार्ड मात्र लिहू नको, बंद पत्रच पाठव. हापिसात टपाल दहा हातांतून फिरतं. भावोजींना आणि विशाखाला आठवण सांग. तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा
नरसिंग


नायगाव, ता. बिलोली
१४ सप्टेंबर १९८७

चि. नरसिंग यास,
अ. उ. आ. व जय भीम.

पेटी पोचली. तुझ्या साहेबराव भावोजींनी टीव्हीला जोडून दिली आणि विशाखाला जेवायची शुद्ध राहिली नाही. मीही दोन डाव खेळले. तुझी म्हातारी आडवी आली तेव्हा मीसुद्धा खदखदा हसले, हे आधी कबूल करते.

आई बाजेवर बसून बघत होती. विशाखाची घागर तिसऱ्यांदा फुटली तेव्हा आईनं विचारलं की त्या बाईच्या घागरीत कोणी पाणी का घालंना गेलंय. विशाखानं सांगितलं की ती मधीमधी येते म्हणून, मामानं तशीच केलीय. मग मी नीट बघितलं. डावा हात पुढं, उजवं मनगट वाकडं, पदर गुडघ्याखाली दाबलेला. अरे, लाज कशी नाही वाटली रे तुला? तुझ्या त्या चौकोनांत आपली आई बसलीय!

चाकूरजवळच्या आपल्या गावात ती सकाळपासून ऊन डोक्यावर येईस्तोवर अशीच बसायची. ओट्याला हात लावायची सोय नव्हती. कोणी बाई हातभर उंचीवरून धार सोडील तेव्हा घागर भरायची. तू तेव्हा तिच्या मांडीवर होतास. तिची घागर ज्यांनी रिकामी ठेवली त्यांचं तू काहीच काढलं नाहीस, आणि ती तेवढी अडचण झाली.

दुसऱ्या दिवशी आईनं एवढंच विचारलं की ही बाई कोण हाय ते नरसिंगनं तिथं सांगितलंय का. मी काय सांगू? कार्ड नको, बंद पत्र पाठव, असं का लिहिलंस ते आता माझ्या ध्यानात आलं. तुझी झाकली मूठ राखायला हे पाकिटात घालतेय. रागावलेय, पण बहीण तुझीच आहे.

पंचशीला


लातूर
२० सप्टेंबर १९८७

ती. अक्कास,
सा. जय भीम. कोणत्या तोंडानं लिहू?

अप्पांनी आडावरची बाई काढ म्हटलं तेव्हा हात आपोआप तसाच चालला. दोर ओढणारी बाई मला मलप्पाला विचारून काढावी लागली. बसलेली बाई कोणाला विचारावी लागली नाही. मलप्पा हसला आणि मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. हसलो नसतो तर त्यानं विचारलं असतं की तुला हे कसं माहीत. खरं ते हे आहे अक्का.

आता मी खेळ बदललाय. म्हातारीच्या घागरीत पाणी ओतलं की पन्नास गुण मिळतात. अप्पांना सांगितलं की यानं रंगत वाढते. कारण सांगितलं नाही. आईला सांग की तिची घागर आता भरते. मला टाकू नका, एवढंच मागणं.

नरसिंग


नायगाव
२७ सप्टेंबर १९८७

चि. नरसिंग यास,
अ. उ. आ. व जय भीम.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पन्नास गुणांचं ऐकून ती म्हणाली की म्हंजे आता बी तिला बसूनच ऱ्हायचं, आन् वाढणाऱ्याला बक्षीस. मग मला लिहायला बसवलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं कळवते.

ती म्हणते की तिला पाणी वाढू नको. तिला उठीव, ओट्यावर चढीव आन् दोर तिच्या हातात दे. मनगट वाकडं हाय, तरी बी शेंदता येतंय तिला. आन् ती कोण हाय ते सांगायची शरम वाटत असंल तर तिला खेळातून काढूनच टाक, पर तोंड लपवून तिला कामाला लावू नको.

माझं जास्तीचं काही नाही. जपून रहा, आणि आमच्यातलाच रहा.

पंचशीला


लातूर
१२ ऑक्टोबर १९८७

ती. अक्कास,
सा. जय भीम.

काल लातूरच्या दुकानदारांना बोलावून इथं ‘गंमत’ची सुरुवात झाली. त्याच्या चार दिवस आधी सगळे जेवायला बसले असताना मी सांगितलं. ती माझी आई सरजाबाई आहे, आणि तिला ओट्यावर का चढता येत नव्हतं, तेही सांगितलं. अप्पांनी एवढंच विचारलं की मग त्या दिवशी तू का हसलास. मलप्पा म्हणाला की त्यांच्या आडावर त्याची आजी शांतम्मा अशीच वरून पाणी सोडायची आणि तो शेजारी उभा राहून बघायचा. त्यानं डबा तसाच झाकला. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो होतो.

आता नव्या पेट्यांत आई ओट्यावर उभी आहे. दोर खेळणाराच ओढतो, पण तिच्या हातानं. मलप्पा आणि मी दोन दिवस बसून ते केलं.

पण अक्का, तुझं पहिलं पत्र यायच्या आधीच उदगीर, देगलूर आणि मुखेडला पहिल्या खेळाच्या तीनशे पेट्या गेल्या. दुकानदार त्या परत द्यायला तयार नाहीत. विकल्या म्हणतात, आणि लोकांना म्हातारीच आवडते म्हणतात. त्या तीनशे घरांत पोरं आईला धक्का मारतायत आणि हसतायत. ते मला आता कुठंच जाऊन थांबवता येत नाही.

हे आईला तू वाचून दाखवू नको. रविवारच्या गाडीनं येतो आणि तिच्यासमोर बसून मीच सांगतो.

नरसिंग